औलिसनी बसवलेला बल्ब

औलिस कोर्तेसाल्मी बॅटऱ्या दुरुस्त करतात असं आमच्या गावात कुणी म्हणत नाही. 'औलिसकडून बल्ब बसवून आणला' असं म्हणतात. मी वीज कंपनीत लाइनमन आहे, चार वर्षं रीतसर शिकलोय, तरी त्यांच्यासारखा बल्ब मला बसवता येत नाही.

लांब दांड्याची ॲल्युमिनियमची बॅटरी घ्यायची. आतला मूळ होल्डर काढून चिनी मातीचा घालायचा आणि त्यात दोन तारांच्या पायांचा छोटा हॅलोजन बल्ब रोवायचा. पाय आधी मापाने कापायचे. बल्ब तळाला टेकेपर्यंत दाबायचा, मग केसभर वर ओढायचा. तेव्हा कुठे आतली तार आरशाच्या बरोबर मध्यावर येते. जरा तिरका राहिला तरी झोताच्या मधोमध काळं भोक पडतं. रेनडियर पाळणाऱ्यांना हाच पिवळा उजेड लागतो. एलईडीचा पांढरा झोत बर्फावर आणि जनावराच्या केसांवर इतका सपाट पडतो, की कानाला घेतलेले काप नीट वाचता येत नाहीत. आणि काप वाचता आले नाहीत तर जनावर कुणाचं ते कसं कळणार?

औलिस चौऱ्याहत्तर वर्षांचे. गेल्या हिवाळ्यात त्यांची बायको हेल्वी पडली, खुबा मोडला. तेव्हापासून तिला उठवणं, बसवणं, न्हाऊ घालणं त्यांच्याकडेच. त्यातून वेळ उरला की बल्ब. दमलो असं ते म्हणत नाहीत. 'जरा बसतो' म्हणतात आणि चिमटा हातात धरूनच डुलकी घेतात.

काम नाकारायची सोयही नाही, कारण आमच्याकडे काम कुणी तोंडाने सांगतच नाही. पडवीतल्या बाकावर बॅटरी ठेवायची, शेजारी कॉफीचा पुडा. पुडा घरात गेला की काम घेतलं. या वर्षी पुडे बाहेरच राहू द्यायचे असं औलिसनी ठरवलं होतं. पण हेल्वी खिडकीतून बघते. लोकांचा पुडा थंडीत पडलेला तिला बरा दिसत नाही. मग तो आत येतो.

डिसेंबरात इंकेरीची बॅटरी अशीच आत आली. इंकेरी पन्नाशीची, एकटीच कळप सांभाळते. दोन दिवसांनी रानात एकत्र चरलेले कळप ज्याचे त्याला वेगळे करून द्यायचे होते. औलिसनी बल्ब बसवून दिला.

कळप वेगळे करायच्या दिवशी जनरेटर बघायला मी तिथल्या कुंपणापाशीच होतो. दुपारचे तीन, आणि आमच्या उत्तरेकडच्या हिवाळ्याप्रमाणे अंधार पडलेला. इंकेरीने एका मादीच्या कानावर झोत टाकला. मादीला चिकटून तिचं पिल्लू होतं. आईच्या कानाची खूण तीच पिल्लाला मिळते. इंकेरी वाचू लागली आणि बॅटरीत फट् असा आवाज होऊन उजेड गेला. दुसरा उजेड येईपर्यंत मादी कळपात मिसळली, बावरलेलं पिल्लू आर्मास नावाच्या दुसऱ्या कळपवाल्याच्या मादीजवळ जाऊन उभं राहिलं, आणि आर्मासने त्याच्या कानात स्वतःची खूण कापली. कापलेला कान पुन्हा जुळत नाही.

पिल्लू माझं, असं इंकेरी म्हणाली. त्यावर आर्मास चार लोकांत बोलून गेला, की मादीच्या कानात आर्मासची खूण दिसली म्हणून इंकेरीनेच बॅटरी बंद केली. आमच्याकडे माणसाला चोर म्हणायची ही रीत आहे. त्या दिवशी तिच्या शेजारी बसून कुणी कॉफी घेतली नाही.

रविवारी सकाळी ती औलिसकडे आली. मी त्यांचा फ्यूज बदलत होतो. तिने बॅटरी टेबलावर ठेवली. खांबाला आपटली असेल म्हणाली, पण तसं सांगितलं तर मानणार कोण?

औलिसनी बॅटरीचं तोंड उघडलं, चिमट्याने फुटक्या बल्बच्या काचेचा तुकडा बाहेर काढला आणि खिडकीशी नेला. तुकड्यावर दुधासारखा पांढुरका डाग होता. तो कशाचा ते मला त्यांनीच शिकवलं होतं. बोटाचं तेल काचेवर राहिलं की तिथे काच भाजून निघते आणि फुटते. म्हणून बल्ब कागदात धरायचा, चुकून बोट लागलंच तर स्पिरिटने पुसायचं.

ते गप्प राहिले असते तर चाललं असतं. इंकेरीला तो डाग कळला नव्हता.

"आपटली नाही," औलिस म्हणाले. "माझा अंगठा लागला होता. बल्ब वर ओढताना कागद सटकला. तेवढ्यात हेल्वीने हाक मारली. परत आलो आणि झाकण लावून टाकलं."

इंकेरीने वाकून तो डाग पाहिला.

"हे आर्माससमोर सांगशील?"

"सांगतो. आधी जरा बसू दे."

हेल्वीपाशी इंकेरी थांबली. मी औलिसना गाडीत घालून कुंपणाजवळच्या खोपटात नेलं. आत सातआठ जण सूप पीत होते. औलिस भिंतीला हात टेकून उभे राहिले, सगळं सांगितलं आणि तुकडा आर्मासच्या हातात दिला. त्याने तो उजेडात धरून उलटसुलट पाहिला.

"म्हणजे तुझं वय झालं तर."

"केव्हाच झालं. तुम्ही बॅटऱ्या आणायचं थांबाल तर ना."

दोघंतिघं हसले. आर्मास हसला नाही. बोललो ते चुकीचं बोललो, असं तो सुपाच्या वाटीकडे बघत म्हणाला. इंकेरीला कोण सांगणार, असं कुणीतरी विचारलं, तेव्हा मीच जातो म्हणाला; ती हेल्वीपाशी आहे हे मी त्याला सांगितलं. पिल्लाचा कान आता काही बदलणार नाही; वसंतात त्याच्या कळपात पहिलं जन्मेल ते पिल्लू तिच्या खुणेचं, असंही त्याने सर्वांसमोर कबूल केलं. मग टोपी घातली आणि बाहेर पडला. सूप अर्धं तसंच राहिलं.

परतताना औलिस डोकं काचेला टेकून बसले होते. तो डाग हळूहळू कसा तयार होतो ते मला समजावत होते. "आधी तेल जळतं," म्हणाले, "मग काच..." आणि पुढचं काही आलं नाही. झोप लागली होती.

त्यांच्या घरासमोर आर्मासची गाडी उभी होती. आत त्याचं आणि इंकेरीचं बोलणं चाललं असणार. मी इंजिन बंद केलं नाही. केलं असतं तर गाडी लगेच गार पडली असती. पंधरावीस मिनिटं औलिसना तसंच झोपू दिलं.