बूटलोडरची दुसरी सीडी
मार्करच्या शाईचा वास आला की पूर्ण्यातल्या आमच्या शाळेची ती तपासणी आठवते. मी संगणक शिकवायचे आणि मोफत ऑपरेटिंग सिस्टिमच्या सीड्या करून आसपासच्या शाळांना द्यायचे. तपासणीला आलेले साहेब म्हणाले, "बाई, हे चोरीचं दिसायलंय. पावती दाखवा, न्हाईतर लॅबला कुलूप." मी परवान्याचा कागद पुढे केला: नक्कल कुणालाही द्या, पण सोबत मूळ कोडही, म्हणजे प्रोग्रॅम ज्यातून तयार होतो तो मजकूरही द्या. त्यांनी तो शेवटपर्यंत वाचला. "मग ह्या सीडीत मशीन सुरू करणाऱ्या बूटलोडरचा कोड कुठाय?" मी पर्समधून दुसरी सीडी काढली. तिच्यावर मार्करने 'बूटलोडरचा मूळ कोड' असं लिहिलेलं होतं. साहेब म्हणाले, "आमच्या हापिसालाबी दोन्ही सीड्यांची एक जोडी द्या." मी दिली, आणि 'मूळ कोडासह मिळाली' अशी सही घेतली. पावती मागणाऱ्या साहेबांची ती पावती अजून माझ्या कपाटात आहे.