गवंडी एक
आमच्या सोसायटीच्या इमारतीच्या दुरुस्तीसाठी भिंती फोडायला माणसं लगेच मिळाली. बांधायला मात्र साऱ्या भागात शिवाप्पा हा एकच गवंडी उरला होता. आज सकाळी शेजारच्या सोसायटीचे सेक्रेटरी त्याला आमच्या फाटकातून ओढून नेत होते. मी धावत जाऊन त्याचा दुसरा हात धरला.

“आमची घरं उघडी पडलीत, सोडा त्याला!”

आम्ही दोघं खेचत राहिलो. त्याची बाही टरकन फाटली.

“अहो ताई, खांदा निखळला तर भिंत तुम्ही बांधणार का?” तो कळवळला.

मी हात सोडला. त्याच्या मनगटात माझी नखं रुतून रक्त आलं होतं. दुरुस्तीचं काम मीच बघते; मजुरांच्या रोजच्या यादीत मी ‘गवंडी एक’ लिहिते. त्या एकाला खांदा असतो, तो दुखतो, हे कधी मनातही आलं नव्हतं. शिवाप्पानं थापी पिशवीत टाकली आणि आम्हा दोघांकडेही न बघता तो एसटी स्टँडकडे चालू लागला.