एकविसाव्या जागेपासून पुढे

समुद्राचं पाणी गोठून झालेला बर्फ वेगळा आणि त्यावर आभाळातून पडून साचलेलं हिम वेगळं, हे मला पन्नाशीत कळलं. तोवर मी बीड जिल्ह्यात विहिरींच्या पाण्याची पातळी मोजायचो. नेकनूर, उमापूर, सिरसाळा असं फिरायचं, विहिरीत टेप सोडायची, आकडा लिहायचा. उन्हाच्या तडाख्यात दहा विहिरी झाल्या की उरलेल्या चार-पाचांचे आकडे आम्ही कडुलिंबाखाली बसून भरायचो. शेजारच्या विहिरीवरून अंदाज यायचा. कुणी तपासत नसे.

अंटार्क्टिकाच्या मोहिमेत मला घेतलं ते मोजणीच्या याच अनुभवावर. तिथे पुण्याकडचा एक तरुण संशोधक होता. हेलिकॉप्टरला बांधायचं एक यंत्र त्याने बनवलं होतं. त्यातून दोन लहरी खाली जात. एक हिमाच्या पृष्ठभागावरून परत येई, दुसरी हिमातून आरपार जाऊन खालच्या बर्फावरून. दोन्हींतला फरक म्हणजे हिमाची खोली. ती कळली की बर्फाची जाडीही काढता येते. पण यंत्र खरं सांगतं का, हे पाहायला खाली माणूस लागतो. हेलिकॉप्टर फिरून गेलं की त्याच रेषेवर मी चालायचं, पाच-पाच पावलांवर सळई खोचायची, खाली टणक लागलं की आकडा वाचायचा. अशा शंभर जागा.

संध्याकाळी जहाजावर तो विचारायचा, "काय दादा, लागलं का पाणी?" मी सांगायचो, लागलं, पण खारट आहे.

ज्या दिवसाबद्दल लिहायचं आहे त्या दिवशी वारा फार होता. वीस जागा झाल्या. सगळीकडे हिम वीतभर. बोटं बधिर झाली, तसा मी एका उंचवट्याआड बसलो आणि पुढच्या ऐंशी जागा वीतभर, थोडं कमी, थोडं जास्त, अशा लिहून काढल्या. कडुलिंबाखाली लिहायचो तशाच.

यंत्राचे पहिले वीस आकडे माझ्या आकड्यांशी जुळले, पुढे मात्र त्याने कुठे गुडघाभर, कुठे कमरेएवढं हिम दाखवलं होतं. सळई खोटं बोलणार नाही, असं सगळ्यांनी धरलं. थंडीत यंत्र बिघडतं, असा बैठकीत शेरा पडला आणि त्याचं काम मागे पडलं. मी त्या बैठकीत बसून होतो.

तो दर दिवाळीला फोन करतो. यंदा म्हणाला, निवृत्त होतोय, ते यंत्र आता मोडीत देईन. इतकी वर्षं उघडून पाहिलं, पण विसाव्या जागेनंतर त्याला काय झालं ते सापडलं नाही.

मी जेवलो नाही. बायकोने कारण विचारलं, तेव्हा सगळं सांगितलं. ती भांडी विसळत होती. हात न थांबवता म्हणाली, "मंग इतकी वर्सं काहून गप ऱ्हायलात? दिवाळीला त्याचा फोन आला की हसून बोलत व्हतात की."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याला फोन लावला आणि सांगितलं. तो रागावला असता तर मला सोपं गेलं असतं. त्याने एवढंच विचारलं, "दादा, विसाच्या पुढं हिम खरंच किती होतं? नुसतं डोळ्यांनी पाहिलेलं तरी आठवतं का?"

मी म्हणालो, "मी तिकडं गेलोच न्हाई."

तो बर्फ त्याच उन्हाळ्यात फुटून वाहून गेला असणार. आता तो कुणालाच मोजता येणार नाही. त्याने माझ्याकडे लेखी मागितलं, आणि यंत्र मोडीत देत नाही म्हणाला. म्हणून लिहितो: पहिले वीस आकडे मी सळईने घेतले. एकविसापासून शंभरापर्यंतचे बसून लिहिले. त्या ऐंशी जागा फक्त त्याच्या यंत्राने मोजल्या आहेत.