ताईला आज मीच गप्प केलं

मंडळी, फार अपराधी वाटतंय, म्हणून लिहितोय.

माझी मावसबहीण सुधाताई इथे बडोद्यात एका कंपनीत एकवीस वर्षं इंजिनियर आहे. बोर्डावर एक तरी बाई हवी असा नियम, म्हणून तिला डायरेक्टर केलं. आज पहिली मीटिंग. मी स्कूटरवर सोडायला निघालो आणि वाटेत सेवउसळ दिसली म्हणून थांबलो. माझं असंच असतं.

खाताना म्हटलं, "काय डायरेक्टरबेन, लेडीज सीट मिळाली ना? आता फक्त बसायचं आणि सही करायची."

ती हसली. "चाल हवे, चल आता, उशीर होतोय."

संध्याकाळी विचारलं, तुमच्या करजणच्या प्लँटमधला जुना, धोक्याचा बॉयलर बदलायचं बोललीस का? महिनाभर तयारी करत होती.

"नाही रे. तोंड उघडणार तेवढ्यात तुझं बोलणं आठवलं. वाटलं, हे सगळेही मनात तेच म्हणत असतील."

मला तीन नोकऱ्या काकांच्या ओळखीने लागल्या. तिन्ही सोडल्या. कुणी कधी चिडवलं नाही.

सॉरी म्हटलं तर ती "जवा दे ने" म्हणून विषय सोडून देते. पुढची मीटिंग तीन महिन्यांनी आहे. तोवर माणसं त्याच बॉयलरजवळ काम करणार. मी काय करू, सांगा.