पंख्याचा आवाज काढून दाखवा

बसा, चहा येईपर्यंत सांगतो. गॅरेज चालवणाऱ्याला किस्से शोधत फिरावं लागत नाही, गिऱ्हाईकच घेऊन येतं. गाडी दुरुस्त होऊन जाते, किस्सा आमच्याकडं राहतो. त्यातही बोनेटखालच्या पंख्याचे, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या कूलिंग फॅनचे, सगळ्यात जास्त. कारण हा पंखा आपल्या मर्जीनं फिरतो. घरी करकरतो आणि गॅरेजला आला की गप्प.

म्हणून धारवाडजवळच्या आमच्या नवनगरच्या गॅरेजात एक रीत पडली आहे. गिऱ्हाईकानं आवाज तोंडानं काढून दाखवायचा. मी तो जॉब कार्डावर लिहितो, 'खर्र', 'फटफट', 'कुंईं', आणि आमचा मेकॅनिक मल्लप्पा ते वाचून बोनेट उघडतो. हसू नका, निम्मं काम तिथंच होतं.

* * *

धारवाडचे एक वकील आले होते, सोबत त्यांचा अशील. आवाज काढा म्हटल्यावर त्यांचा चेहरा उतरला. अशिलासमोर कसं काढणार! मला जुन्या टायरांच्या मागं घेऊन गेले, कोट सारखा केला आणि इतक्या मनापासून 'घुर्रर्र' केलं की दारातलं कुत्रं उठून भुंकायला लागलं.

कधी येतो हा आवाज, असं मी विचारलं. आता ते सावध झाले होते. म्हणाले, "पंखा फिरला की येतो. ह्यापलीकडं मी काही कबूल करत नाही."

* * *

दाजीबानपेठेतल्या एका कापडवाल्यांनी नवी गाडी घेतली. पहिल्याच आठवड्यात फोन आला, गाडी बंद होत नाही म्हणून. किल्ली काढून हातात घेतली तरी आत काहीतरी घरघरतंय, आणि ते बिचारे दुकान सोडून गाडीला राखण बसले आहेत.

मी समजावलं की अण्णा, इंजिन तापलं असलं की किल्ली काढल्यावरही पंखा थोडा वेळ फिरतो, उलट चांगलंच आहे. त्यांना पटलं. जीव भांड्यात पडला.

दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन स्वतः हजर. म्हणाले, "आज बंद केली, तर पंखा फिरलाच नाही हो!"

* * *

खंडेनवमीच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडं रांग असते. आदल्या दिवशी सगळ्यांनी गाडीची पूजा केलेली, समोरच्या जाळीतून झेंडूचे हार ओवलेले. हार सुकतो, आत ओढला जातो आणि दोरा पंख्याला गुंडाळतो. मग फटफट सुरू.

तारिहाळच्या एका कारखान्यातले इंजिनिअर असेच आले. मोबाईलवर चार व्हिडिओ बघून आले होते, त्यामुळं आवाज काढायला तयार नाहीत. बेअरिंग गेलंय, अख्खा पंखा बदला, असा थेट हुकूम. मल्लप्पानं आत हात घातला आणि दीड हात लांबीचा हार ओढून त्यांच्या हातावर ठेवला.

साहेब वरमले. हार दोन्ही डोळ्यांना लावला, पूजेचा आहे, टाकवत नाही म्हणाले. आणि गेले गाडीच्या पुढं, परत त्याच जाळीला बांधला.

* * *

माझंही सांगतो, नाहीतर म्हणाल हा दुसऱ्यांनाच हसतो. मला माझ्या कानाचा फार गर्व. लांब स्क्रू ड्रायव्हर पंख्याच्या मोटरला टेकवायचा, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. एकदा अशीच किणकिण ऐकून गिऱ्हाईकाला ठणकावून सांगितलं, बेअरिंग संपलं. पंखा उतरवून बाकावर ठेवला, तरी किणकिण चालूच. मी हैराण.

मल्लप्पानं माझ्या पाठीमागचा टेबल फॅन बंद केला. किणकिण थांबली. मग कार्डांचा गठ्ठा पुढं ओढून त्यानं विचारलं, "अण्णा, ह्याचं कार्ड कुणाच्या नावानं करू?"

* * *

आता बाईंचं ऐका. आमच्या बाई, धारवाडच्या, मला आठवीला गणित शिकवलेल्या. वय त्र्याहत्तर. गाडी स्वतः चालवतात. मैत्रिणींना दवाखान्यात नेणं, गाण्याला जाणं, बाजार, सगळं त्या गाडीवर.

मुलगा श्रीकांत बेंगळूरुहून आला, एकटाच गाडीतून चक्कर मारून आला आणि म्हणाला, आई, गाडीचा केवढा आवाज येतोय! बाई म्हणाल्या, कुठला आवाज? झालं. श्रीकांतनं ठरवूनच टाकलं की आईला ऐकू येत नाही, हॉर्नही येत नसणार, तेव्हा गाडी विकायची. किल्ली त्यानं आपल्या खिशात टाकली. विकण्याआधी आवाज बंद करून घ्यावा, एवढ्यासाठी तो गाडी घेऊन आमच्याकडं आला, आणि बाई रागानं मागून रिक्षातून.

बाईंचा चेहरा बघवत नव्हता. वर्गात एवढा दरारा असलेली बाई, आणि त्या दिवशी पर्स मांडीवर धरून कोपऱ्यात बसलेली. मला फार वाईट वाटलं.

रीतीप्रमाणं दोघांना आवाज विचारला. श्रीकांत म्हणाला, 'खर्रखर्र'. बाई म्हणाल्या, "सुरेश, लिही. काही नाही." मी दोन्ही लिहिलं.

मल्लप्पानं गाडी सुरू केली. आवाज नाही. रेस केली, नाही. श्रीकांत वैतागून स्वतः आत बसला, घाम पुसला आणि सवयीनं एसीचं बटण दाबलं. खर्रखर्र! मल्लप्पानं बंद करायला लावलं, गप्प. मग कानडीत "हच्री" म्हणाला, म्हणजे परत लावा. परत खर्रखर्र.

त्या गाडीला दोन पंखे. एक नेहमीचा, दुसरा एसी लावला तरच फिरणारा. त्या दुसऱ्याचा स्क्रू ढिला होऊन पातं कडेला घासत होतं.

"बाई, तुम्ही एसी लावता का?" मी विचारलं.

"धारवाडच्या थंड हवेत? एसी?" बाई म्हणाल्या.

मल्लप्पानं दहा मिनिटांत स्क्रू आवळला. बाई जाऊन गाडीत बसल्या, ड्रायव्हरच्या जागेवर, काच अर्धी उघडी ठेवून. श्रीकांतनं किल्ली परत खिशात टाकली, मला लांब, पार फाटकापाशी नेलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, "ते ठीक आहे हो, पण ऐकायला कमी येतंच तिला."

"येतंय रे," गाडीतून बाई म्हणाल्या. "आणि काल गच्चीवर जाऊन फोनवर गाडीला गिऱ्हाईक बघत होतास, तेही आलंय ऐकायला. किल्ली आण इकडं."