हाकेचा दिवा

कुठलीही वस्तू हातात आली की आमच्या शेजारचे काका आधी ती उलटी करायचे. ताट, चप्पल, लग्नपत्रिका, काहीही. "थांबा की ताई, उलटून बघू." भवानी पेठेत जन्मभर ग्राफच्या कागदावर चादरींची डिझाइनं काढली, चादर दोन्ही बाजूंनी तपासायची सवय अंगात मुरलेली. तुमच्याही गल्लीत असा एखादा असेल, आणि तुम्ही हसत असाल. मला मात्र त्यांचा भयंकर राग यायचा.

कारखान्यातल्या लूमच्या खडखडाटात काकांचे कान गेले होते. कानातलं मशीन लावलं की नुसत्या शिट्ट्या ऐकू येतात म्हणायचे. काकू अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेल्या. बेलचं बटण दाबायलाही हात उठेना, तोंड तेवढं चालायचं. हाक मारणारी ही अशी, ऐकणारे हे असे!

काकांना इलेक्ट्रॉनिक्सचा जुना नाद. त्यांनी काकूंच्या उशाशी माइक लावला. काकूंनी हाक मारली की बाहेरच्या खोलीत, काकांच्या टेबलावर दिवा लागायचा. पण सगळ्या तारा भोकांच्या पट्टीत नुसत्या खोचलेल्या, आणि मागच्या कारखान्यातले लूम सुरू झाले की आमच्या भिंती थरथरतात. एका दुपारी तार निसटली. काकू पाणी मागत राहिल्या आणि मागता मागता कॉटवरून फरशीवर पडल्या. भिंतीपलीकडून हाका ऐकून मी धावले. काका टेबलाशी निवांत बसलेले. "दिवा लागला न्हाय ओ ताई," एवढंच म्हणाले. तो चेहरा मी कधी विसरणार नाही.

आता लोंबत्या तारा नकोत, पक्का सर्किट बोर्डच करून आणायचा असं ठरलं. त्यासाठी कंप्युटरवर आराखडा काढून फाईल पाठवावी लागते. आराखडा कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये काढायचा, इथे घोडं अडलं.

पहिलं इंटरनेटवर चालणारं. निम्मं काम झालं आणि नेट गेलं. "आपलं काम दुसऱ्याच्या घरात कशाला ठेवायचं?" काका म्हणाले. ते बाद. दुसरं दिसायला झकास, पण मागची बाजू नीट दाखवेना. तेही बाद. तिसरं उतरवून घेता घेता दिवस गेला. त्यात बोर्ड उलटून बघता येत होता. काका खूश! मग काय, रेघ ओढायची आणि उलटून बघायचं, पुन्हा रेघ, पुन्हा उलटून. मी स्वयंपाक करतानाही कान भिंतीला लावून असायची. पलीकडे चिडीचूप. बरं आहे, झोपल्या असतील, म्हणायची.

एक दिवस मात्र माझा तोल सुटला. त्यांच्या कानाशी ओरडले, "चादर विणताय का काका? काकू परत पडल्या तर?"

"चुकीचा बोर्ड आला तर परत पडणारच की." बोलता बोलता त्यांनी बोर्ड पुन्हा एकदा उलटून बघितला. "ह्या खेपेला चूक नको, ताई."

हा माणूस संथ नव्हता हो, घाबरलेला होता. माझा राग तिथेच विरघळला.

बोर्ड आला. काकांनी सगळं जोडलं, काकूंना हाक मारायची खूण केली आणि टेबलाशी येऊन बसले. दिवा लागेना. कथलाचा डाग दिलेला एकेक जोड त्यांनी तपासला. तरी लागेना. त्यांचं तोंड पांढरंफटक पडलं.

मी आत गेले. माझ्याच आवाजाने दिवा लागायला नको, म्हणून खुणेनेच विचारलं, काय झालं? काकू जाग्या होत्या. ओठ घट्ट मिटलेले. त्यांनी नुसती मान हलवली आणि डोळ्यांच्या कडेने पाणी वाहू लागलं. बोर्ड चांगलाच होता. काकू हाकच मारत नव्हत्या.

काका दारात आले. काकूंच्या मिटल्या तोंडाकडे बघत राहिले. मग मागे फिरले आणि दिव्यासमोर हात जोडून बसले.

मी दाराशी येऊन उभी राहिले. मग आतून बारीक आवाज आला, "एमंडी..." त्यांच्या तेलुगूत 'अहो'.

दिवा लागला. काका खुर्ची पाडून आत धावले. "काय पाहिजे? पाणी?"

पाणी नको होतं. काकू बोलायला लागल्या. पडल्या त्या दिवसापासून हाक मारणंच सोडून दिलं, ऐकतंय कोण? फरशी किती गार होती, घसा किती सुकला होता, रात्री किती भीती वाटते. सगळं बाहेर पडत होतं. काका कॉटशी बसून काकूंच्या तोंडाकडे बघत होते, एक अक्षर ऐकू न येता मान डोलावत होते. आणि बाहेरच्या रिकाम्या खोलीत दिवा विझायलाच तयार नव्हता.