बाईंचा कापरा सूर

त्याला सगळे ठोक्या म्हणत. टायरच्या दुकानावरच्या खोलीत, भिंतींना फोम चिकटवून तो कॉम्प्युटरवर नाचाची गाणी बनवायचा. खाली हवेचा पंप सुरू झाला की रेकॉर्डिंग थांबवायचं. रॅपवाल्यांशी त्याचं जमलं, गिटारवाल्यांशी वाजलं. मग त्याच्या ठेक्यावर गायला बाई भेटल्या.

सत्तरीच्या बाईंनी जन्मभर शास्त्रीय गाणं शिकवलं होतं. नर्स असलेली त्यांची मुलगी त्यांना हाताला धरून जिना चढवी. पहिल्या दिवशी ठेका ऐकून बाईंनी विचारलं, "मी श्वास घेताना हे थांबणार का?"

"नाही बाई. तुम्हालाच धावावं लागेल."

"या गुडघ्यांनी?"

शेवटी त्यानेच ठेका सैल केला. महिनाभर दुपारी दोघं रंगून काम करत होते.

वरच्या पट्टीत बाईंचा आवाज कापायचा. शेवटचा हात फिरवताना ठोक्याने तो सॉफ्टवेअरने सरळ करून टाकला. विचारलं नाही. गाणं बाहेर पडलं आणि तुफान चाललं. बाईंनी ते त्याच्याच खोलीत, हेडफोन लावून ऐकलं.

"ही कोण गातेय?"

"तुम्हीच की."

"माझा कंप?"

"काढला. कानाला बरं वाटतं."

बाईंनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला. पुन्हा आल्या नाहीत. गाणं एवढं गाजलं तरी यांचं नाक वर, म्हणून त्यानेही फोन केला नाही.

आठ महिन्यांनी मुलगी एकटीच आली. बाईंना घशाचा कॅन्सर झाला होता. स्वरयंत्र काढलं होतं. आता त्या पाटीवर लिहून बोलत.

"आईला स्वतःचा आवाज ऐकायचाय. कापरा, होता तसा. आमच्याकडे एकही रेकॉर्डिंग नाही."

त्याने सगळ्या डिस्क धुंडाळल्या. मग आठवलं. नव्या कामाला जागा हवी म्हणून मूळ रेकॉर्डिंग त्यानेच पुसलं होतं.

"मी पुसलं ते," तो म्हणाला.

मुलगी जिन्याकडे वळली. "हे तिला तूच सांग."

त्याने जाऊन सांगितलं. अंथरुणावर पडल्या पडल्या बाईंनी पाटी हातात घेतली, बाजूला ठेवली आणि कूस बदलली. पुढच्या आठवड्यात तो पुन्हा गेला, तर मुलीने त्याला दारातूनच परत पाठवलं. दोन महिन्यांत बाई गेल्या.

ठोक्याचं काम चालूच आहे. लोक अजून त्याला लिहून विचारतात, एवढा स्वच्छ आवाज कोणाचा?